मालूबाईला ठाऊक होतं

गेल्या वर्षभरात मालूबाईला भेटायला कुणीही गेलं, की तिचा मुलगा ललित त्याला आधी ओट्यावरच गाठायचा. हातातली पिशवी घ्यायचा, पाणी द्यायचा आणि आवाज खाली आणून सांगायचा, "आईसमोर तो शब्द काढू नका. गाठ होती, काढली, एवढंच माहीत आहे तिला." पाहुणा मान डोलवायचा, चेहरा सारखा करायचा आणि आत जाऊन उन्हाबद्दल नाहीतर केळीच्या भावाबद्दल बोलायचा. ललितनं बहादरपुरात कुणाला सोडलं नाही. दूधवाल्याला सांगितलं, गुरवाला सांगितलं, माझ्याकडे तर घरी येऊन सांगितलं. आणि मालूबाई आत खाटेवर बसून ओट्यावरची सगळी कुजबुज ऐकत असायची. डॉक्टरांनी तिचे कान काही काढले नव्हते.

मी प्रतिभा. मालूबाईच्या समोर माझं घर आणि घराच्या पुढच्या खोलीत माझं शिलाईचं दुकान. बायकांचे ब्लाउज शिवते. नवऱ्याला सांगत नाहीत ते बायका मला सांगतात. हात वर करून मापाला उभं राहिलं की माणूस आपोआप बोलायला लागतं, असा माझा अनुभव आहे. माझी जीभ तिखट आहे म्हणतात. असेल. पण कुणाचं पोटातलं मी कधी बाहेर काढलं नाही, नाहीतर आमच्या गल्लीत रोज एक भांडण ठरलेलं होतं.

मालूबाई म्हणजे मांडे. बहादरपुरात काय, बुऱ्हाणपुरात राजपुऱ्यापर्यंत कुणाकडे लग्न निघालं की आधी मालूबाईची तारीख घ्यायचे, मग आचाऱ्याची. चुलीवर मातीचं खापर उलटं घातलेलं, पुढे मालूबाई पाटावर. पुरण भरलेला गोळा ती आधी तळहातांवर खेळवायची, मग मनगटांवर घ्यायची, मग पार कोपरापर्यंत, आणि बोलता बोलता तो मांडा तिच्या दोन्ही हातांवर इतका पातळ होऊन लोंबायचा की पलीकडचा जाळ दिसावा. तसाच तो खापरावर टाकायची, एक सुरकुती नाही. एखादी नवी सून शिकायला जवळ बसली की म्हणायची, "हातावर घेजो, मनावर नको घेऊ. फाटला त फाटला, आपणच खाऊ." स्वतःचा फाटलेला तिनं कधी कुणाला दाखवला नाही, ते वेगळं.

तिचा नवरा चुडामण केळीच्या बागेत मोटारीचा करंट लागून गेला. ललित तेव्हा शाळेत होता. कुणा शहाण्यानं वर्गाच्या दारात उभं राहून सगळ्यांसमोर त्याला सांगितलं, "तुझा बाप गेला, चल." पोरगं तिथंच कोसळलं. पुढे कित्येक महिने ते कुणाशी बोललं नाही. जेवायला दे म्हणून ताट पुढे सरकवायचं आणि नको असलं की मागे सरकवायचं. मालूबाईनं वैद्य केले, नवस केले, शेवटी त्याला रोज चुलीपुढे बसवून स्वतःच अखंड बोलत राहिली, तेव्हा एक दिवस त्यानं "आई, करपलं" म्हटलं. आता ललितला मिश्या आहेत, केळीच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसात चांगली नोकरी आहे, दीपालीसारखी गुणाची बायको आहे. पण मालूबाईच्या लेखी तो अजून त्या वर्गाच्या दारात पडलेला पोरगाच होता. हे एक लक्षात घेतलं की पुढचं सगळं समजतं. माफ करणं मात्र मला अजून जमलेलं नाही.

तिची गाठ पहिल्यांदा माझ्या हाताला लागली. मापाची पट्टी डाव्या बाजूनं फिरवताना ती दचकली आणि म्हणाली, "इथं जरा ढिलं ठेव वं." मी पट्टी खाली ठेवली आणि तिला तिथंच झापलं. ललितला बोलावून घेतलं. मग बुऱ्हाणपूरचे डॉक्टर झाले, तिथून इंदूर झालं, तपासण्या झाल्या, ऑपरेशन झालं, आणि मालूबाई एका बाजूनं सपाट होऊन परत आली. मी तिच्या ब्लाउजला आतून कापसाची गादी शिवून दिली. दोन्ही बाजू सारख्या दिसतात का ते आरशात बघून ती म्हणाली, "प्रतिभे, तू देवापेक्षा बरी. त्यानं त नेलंच, तू आणून देल्लं." आम्ही दोघी हसलो आणि मग दोघी रडलो.

त्यानंतर सलाईन सुरू झाली. ललितनं तिला सांगितलं, गाठ पुन्हा होऊ नये म्हणून ताकदीची सलाईन आहे. केस गेले तेव्हा सांगितलं, औषध गरम पडलं. तोंड आलं तेव्हा सांगितलं, पाणी बदललं. मालूबाई प्रत्येक वेळी म्हणायची, "असं का?" तिचं ते "असं का" ऐकून ललितच्या जिवात जीव यायचा.

इंदूरच्या त्या रुग्णालयात पेशंटसाठी फोनवर एक सोय होती. व्हॉट्सअ‍ॅपवर प्रश्न टाका, हिंदीत टाका, मराठीत टाका, लिहिता येत नसेल तर बोला. पलीकडून संगणकच उत्तर देतो. उलट्या झाल्या तर काय खायचं, सलाईननंतर कुठल्या दिवसांत जपायचं, डॉक्टरांना काय विचारायचं, सगळं सांगतो. त्याला चॅटबॉट म्हणतात. नर्सनं पेशंटचा नंबर मागितला तेव्हा ललितनं स्वतःचा दिला. ते त्यानंच मला दुकानात बसून सांगितलं, आणि वर मोठ्या हुशारीनं म्हणाला, "काकू, मी त्या बॉटला भी सांगून ठेवलंय. माझ्या आईनं विचारलं तर कॅन्सर बोलायचं नाही, इन्फेक्शन बोलायचं. क्लिअर टाईप करून दिलं."

मी शिलाई थांबवली. "मग? काय म्हणाला तो?"

ललितचं तोंड वाकडं झालं. "बोलतो, मी खोटी माहिती देणार नाही. त्यांनी विचारलं नाही तर मी आपणहून काढणार नाही, पण विचारलं तर खरं आणि हळू सांगेन. आणि उलटा मलाच शिकवतो, बऱ्याच पेशंटना अंदाज आलेला असतो, आईशी कसं बोलायचं ते सांगू का? मी बंदच केला मग. मशीन आहे काकू, त्याला आईची काय किंमत."

आता बघा. ज्या माणसानं गावातल्या प्रत्येकाला ओट्यावर थांबवून बजावलं, त्यानं मशीनलाही ओट्यावर थांबवून बजावलं. त्याला वाटलं, ते यंत्र म्हणजे इंदूरच्या एखाद्या टेबलामागे बसलेला एकच बाबू आहे, एकदा कानावर घातलं की सगळीकडे लक्षात ठेवील. ललित पदवीधर आहे. पण प्रेमात माणूस किती अडाणी होतो, त्याला पदवी काय करणार.

मी म्हटलं, "ललित, तुझी आई दुधखुळी नाही रे."

"काकू, तुम्हाला माझी शप्पथ," तो एकदम उभा राहिला. "बाबांच्या वेळी मला कसं सांगितलं ते आठवतं मला. आईला तसं नाही होऊ द्यायचं. बस."

तो गेला आणि थोड्या दिवसांनी मालूबाई आली. पदराखाली फोन. दार लोटून घेतलं आणि मापाच्या स्टुलावर बसली. "प्रतिभे, हे जरा मोठ्यानं लाव. मले घरी लावता येत नै."

शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या मुलीनं इंदूरलाच तिच्या फोनमध्ये तो नंबर घालून दिला होता. मालूबाईचं शिक्षण चौथीपर्यंत, पण बोलायला कुठं शाळा लागते. ती बटण दाबून बोलायची आणि पलीकडून एका बाईच्या शांत आवाजात उत्तर यायचं. मालूबाई तिला फोनवाली बाई म्हणायची. मी ऐकलं तर ती तिला केव्हाच सगळं विचारून बसली होती. आजाराचं नाव विचारलं होतं. आपल्या कागदावर काय लिहिलंय ते फोटो काढून विचारलं होतं. फोनवालीनं आधी विचारलं होतं, तुम्हाला किती जाणून घ्यायचं आहे? मालूबाई म्हणाली होती, "सगळं. मी मांडे करणारी बाई हाय, मले चटक्याचं भ्या नै."

"मग रडली नाहीस?" मी विचारलं.

"रडली. गोठ्यात जाऊन रडली. गायीनं पाह्यलं." ती डोक्यावरचा रुमाल सारखा करत म्हणाली. "पण एक सांगू? नाव माहीत झालं तवापासून झोप लागते. आधी रात्रभर वाटे, असं काय हाय जे माह्या पोराले बोलवत नै."

त्या दिवसापासून माझं दुकान त्यांची भेटण्याची जागा झाली. मी शिवायची, मालूबाई विचारायची. लिंबू चालेल का, तोंड आलंय तर ताक चालेल का. सगळ्यात जास्त भांडण मांड्यांवरून. फोनवालीनं विचारलं, मांडे म्हणजे पुरणपोळीचाच प्रकार ना? मालूबाईला राग आला. तिनं बटण दाबून धरून तिला खापर, जाळ, कणीक भिजवणं, हातावर घेणं, सगळं समजावून सांगितलं. पलीकडून उत्तर आलं, "तुम्ही इतकं छान सांगितलंत की मला आता फरक कळला." आणि मग त्याच गोड आवाजात, की ज्या बाजूचं ऑपरेशन झालं त्या हाताला भाजणं, कापणं टाळायला हवं, सलाईननंतरच्या दिवसांत अंगातली जंतूंशी लढणारी ताकद कमी असते, तेव्हा चुलीपुढे बसण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि एक गोष्ट तिनं पुन्हा पुन्हा सांगितली. ताप शंभराच्या वर गेला, थंडी वाजली, तर एक तासही थांबू नका. तापाची गोळी घेऊन ताप झाकू नका. थेट रुग्णालयात जा.

"बाई मोठी धाकाची हाय," मालूबाई कौतुकानं म्हणाली.

मग तिनं बटण दाबून जे म्हटलं, ते ऐकून माझ्या हातातली कात्री तशीच राहिली. "बाई, एक ध्यानात ठेवजो. माह्या ललितनं तुले विचारलं त त्याले सांगू नको का मले समजलेलं हाय."

इकडून पोरगा मशीनला बजावून आलेला, तिकडून आई. मला हसू आलं आणि लगेच रागही आला. फोनवाली म्हणाली, तुमचं बोलणं मी दुसऱ्या कुणाला सांगत नाही. पण तुम्ही दोघं एकमेकांना सांभाळायला एकटे एकटे झटताय असं वाटतं. मुलाशी बोलायला पहिलं वाक्य सुचवू का?

"नको," मालूबाई म्हणाली आणि फोन पदराखाली घातला.

मी तिला सोडलं नाही. म्हटलं, "अगं, त्या मशीनला कळतं ते तुला का कळत नाही? सांगून टाक त्याला. दोघं मिळून रडा एकदा आणि मोकळे व्हा."

तिनं माझ्या शिलाई मशीनचं चाक हातानं एकदा फिरवलं. मग म्हणाली, "त्याले वाटते, आईले मी वाचवून राह्यलो. तो रोज उठते, सगळ्याहीले दटावते, सकाळ-संध्याकाळ ताप पाह्यते आन म्हन्ते, उन्हाळा हाय म्हनून पाहू राह्यलो. मी 'असं का' म्हटलं का त्याचं तोंड कसं होते ते पाह्यलं तू? तेवढंच त्याच्या हातात हाय प्रतिभे. तेही मी काढून घेतलं त तो कशाले धरून उभा राहीन? बापाच्या वक्ती कसा झाल्ता, मी पाह्यलेलं हाय. माही आन हाय तुले, बोलू नको."

मी आन घेतली. काय करणार होते? दोन्हीकडच्या शपथा माझ्याच गळ्यात. आणि खरं सांगायचं तर तेव्हा मला वाटलं, चालू दे. सलाईन संपत आली होती, रिपोर्ट बरे येत होते. बरी झाली की आपोआप बोलतील दोघं, असं मी धरून चालले होते.

आखाजी आली, म्हणजे अक्षय्य तृतीया. आमच्याकडे दिवाळीपेक्षा आखाजीला पोरी माहेरी यायच्या. झोके बांधायचे, पितरांच्या नावानं घागर भरायची, आमरस आणि मांडे करायचे आणि पहिला घास चुलीतल्या विस्तवावर टाकायचा, गेलेल्या माणसांसाठी. त्याला आगारी म्हणतात. मालूबाईची मुलगी तृप्ती सुरतेहून येणार होती. सासरच्या आजारपणांत तिला दोन आखाज्या येता आलं नव्हतं, आईच्या ऑपरेशनलाही धावती भेट देऊन गेली होती. मालूबाईनं महिनाभर आधीपासून ठरवलं होतं, की या आखाजीला चुडामणची आगारी तिच्या हातच्या मांड्याचीच होणार. शेवटून दुसरी सलाईन आठवड्याआधीच झाली होती. ललित नको म्हणाला, दीपाली नको म्हणाली. शेवटी तडजोड झाली, की दीपालीनं कणीक मळायची, पुरण वाटायचं, आणि मालूबाईनं फक्त आगारीपुरते चार मांडे करायचे.

मी त्या सणाला गावात नव्हते. मीही कुणाची तरी लेक आहे, माझी म्हातारी आई रावेरला आहे, मी आदल्या दिवशीच तिच्याकडे गेले. जाताना मालूबाई दारात उभी होती. "आईले माह्या नावानं दोन घास जास्त चारजो," म्हणाली. चेहरा चांगला होता.

पुढचं मला तिनं स्वतः सांगितलं, बुऱ्हाणपूरच्या दवाखान्यात, नाकाला नळी लावलेली असताना, दम घेत घेत. म्हणून मी ते जसंच्या तसं सांगते.

आखाजीच्या पहाटे तिला थंडी वाजून जाग आली. गोठ्यात जाऊन तिनं ललितचं थर्मामीटर काखेत धरलं. आकडे तिला वाचता यायचे. शंभर आणि वर दोन. तिनं फोनवालीला सांगितलं. फोनवाली म्हणाली, आत्ताच्या आत्ता घरातल्या कुणालातरी उठवा, हा ताप थांबण्यासारखा नाही. मालूबाई म्हणाली, आज आखाजी हाय, पोरगी आली हाय, दुपारी आगारी झाली का जाते. फोनवाली म्हणाली, दुपारपर्यंत थांबणं धोक्याचं आहे, यात जीव जाऊ शकतो. मुलाला सांगणं जड जात असेल तर मुलीला उठवा, सुनेला उठवा, कुणालाच नको असेल तर एकशे आठला फोन करून अ‍ॅम्ब्युलन्स बोलवा. पुन्हा पुन्हा तेच सांगत राहिली. तिला पाय असते तर ती ओट्यावर जाऊन बोंबलली असती. पण तिच्याकडे फक्त आवाज होता, आणि तो मालूबाईनं बारीक करून ठेवला होता.

"मग उठवलं का नाहीस ललितला?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता.

"काय सांगू त्याले?" ती म्हणाली. "ताप हाय म्हटलं असतं त तो म्हटला असता, ऊन लागलं असन आई. मी घाई केली असती, आत्ताच इंदूरले ने म्हटलं असतं, त त्यानं विचारलं असतं ना, तुले कसं माहीत? मंग सगळंच उघडं पडलं असतं. सणाच्या दिवशी. पोरगी घरात."

तिनं तापाची गोळी घेतली. ललितनं उठल्यावर नेहमीसारखा ताप पाहिला, काही नव्हतं. "बघ, एकदम ओके," तो म्हणाला. "असं का?" मालूबाई म्हणाली.

मग ती चुलीपुढे बसली. गोळीचा असर उतरला तसा ताप पुन्हा चढला असणार, पण वैशाखातल्या चुलीपुढे खापर तापवून बसलेल्या बाईचं अंग गरम लागलं तर कुणाला काय वाटणार. गाल लाल झाले होते. तृप्ती म्हणाली, किती दिवसांनी आईच्या चेहऱ्यावर तेज आलं! दीपालीनं घाम पुसला. तिलाही वाटलं, जाळानं तापलीय. चारच म्हणाली होती, ती करतच गेली. डावा हात नीट उचलत नव्हता म्हणून मांडा एका बाजूला जाड पडत होता. त्यातले दोन फाटले आणि ते तिनं सगळ्यांसमोर हसत बाजूला ठेवले. आगारी झाली. चुडामणच्या नावाचा घास विस्तवावर पडला. सगळे जेवायला बसले आणि मालूबाई पाटावरून उठायला गेली ती तशीच आडवी झाली. बाहेर डोक्यावर ऊन रणरणत होतं आणि ती दातावर दात आपटत होती.

ललितनं तिला उचलून गाडीत घातलं. जेवण पानांत तसंच राहिलं.

मी निरोप मिळताच आले. डॉक्टर म्हणाले, जंतू रक्तात गेलेत, लढायला अंगात पेशीच नाहीत, इंदूरला हलवण्यासारखी स्थिती नाही. कॉरिडॉरमध्ये ललित नर्सला बाजूला घेऊन सांगत होता, "सिस्टर, प्लीज, पेशंटसमोर बीमारी का नाम मत लेना." नर्स त्याच्याकडे बघतच राहिली. मला त्याला गदागदा हलवावंसं वाटलं. नाही हलवलं. त्याचे डोळे पाहिले आणि हात उचलला नाही.

आत मालूबाईनं मला सगळं सांगितलं आणि माझं बोट घट्ट धरलं. तिच्या हाताला अजून कणकेचा वास होता. मी म्हटलं, "आता तरी सांग त्याला. आत बोलावते." ती मानेनं नाही म्हणाली. तेवढ्यात ललितच आत आला.

"ललित," ती म्हणाली, "हे सगळं गाठीचंच हाय ना रे?"

"हो आई. गाठीचंच. दोन दिवसांत घरी."

"असं का?" ती म्हणाली. आणि हसली. मी आयुष्यात इतकं खोटं आणि इतकं मायेचं हसू पाहिलेलं नाही. ललित वळून खिडकीशी गेला. मालूबाई त्याच्या पाठीकडे बघत राहिली. मायलेकांमध्ये एक खाट होती फक्त. मला वाटलं, मीच ओरडावं, अरे तुम्हा दोघांनाही ठाऊक आहे! तोंड उघडलंही होतं. मालूबाईनं बोट इतक्या जोरात दाबलं की कळ आली. त्या तापात तिच्यात एवढी ताकद कुठून आली ते मला माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

दहाव्याला राजघाटावर बायका फारशा जात नाहीत. मी गेले. तापीचं पाणी उन्हाळ्यात खाली गेलेलं असतं, पायऱ्या उघड्या पडलेल्या असतात. सगळं आटोपल्यावर ललित एका पायरीवर बसला होता. मुंडण केलेलं डोकं उन्हात चमकत होतं आणि तो अगदी शाळेतला दिसत होता. मी शेजारी बसले.

"काकू," तो म्हणाला, "ताप आला तसं आपण लगेच नेलं ना? उशीर तर नाही केला?"

"नाही रे."

"और एक बात का समाधान आहे. आईला शेवटपर्यंत काही कळलं नाही. शांतपणे गेली. तेवढं तरी मी केलं तिच्यासाठी."

माझ्यासारख्या तोंडाळ बाईच्या तोंडात त्या वेळी किती शब्द आले होते म्हणून सांगू. तुझी आई पहाटेपासून तापली होती. तुला सांभाळायला तिनं तो ताप झाकला होता. तू तिला वाचवत होतास आणि ती तुला, आणि त्यात ती गेली. एक एक शब्द खरा होता. पण तो माझ्याकडे बघत होता, आणि मी जे बोलेन त्यावर तो उठणार होता की तिथंच पडणार होता, ते मला स्पष्ट दिसत होतं.

"नाही कळलं," मी म्हटलं. "तिला कुठं काय कळत होतं, भोळी होती."

तो रडला. खूप रडला आणि मग उठून उभा राहिला. घरी येताना रिक्षात मला मालूबाईचा इतका राग आला की मी तिला मनातल्या मनात शिव्या घातल्या. भोळी म्हणे. बाई स्वतः सुटली आणि जाताना ते खोटं माझ्या पदरात घालून गेली.

आता ललित ऑफिसातून येताना कधी कधी दुकानाशी थांबतो. काही काम नसतं. परवाही थांबला. मी एका नव्या नवरीच्या ब्लाउजला हुक लावत होते. तो दाराच्या चौकटीला टेकून उभा राहिला, इकडचं तिकडचं बोलला, आणि मग हळूच म्हणाला, "काकू, खरंच तिला माहीत नव्हतं ना?"

मी वर न बघता म्हटलं, "नाही रे बाबा, किती वेळा विचारशील?"

"असं का," ललित म्हणाला.

मी मान वर केली. तो माझ्याकडे बघून हसत होता, अगदी त्याच्या आईसारखा.